लँग्विड म्हणजे ताई

शब्द पाठ करायचा नसतो, दाखवायचा असतो, असं तो शिकवणीच्या पहिल्याच दिवशी मुलांना सांगे, आणि ते सांगताना त्याच्या आवाजाला जी धार येई ती बाकीच्या दिवसभरात शोधूनही सापडली नसती. एरवी तो कमालीचा बुजरा. दुकानदाराने भलतीच वस्तू बांधून दिली तरी ती मुकाट्याने घरी आणायची आणि तीच वापरायची. बसच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ‘जरा सरकता का’ म्हणण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि मागे चालत यायचं. पण संध्याकाळी पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, नोकरीच्या मुलाखतींसाठी इंग्रजी घोटायला आलेली तरुण मुलंमुली खुर्च्या, स्टूल, खिडकीचा कट्टा अशी मिळेल ती जागा धरून बसली, की त्याच्या जिभेची गाठ सुटे. ‘फ्रॅजाइल’ म्हणताना तो कान उडालेला कप दोन बोटांत अधांतरी धरी. ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे खिडकीची कडी, जी प्रत्येकाने एकदा तरी ओढून पाहायची. ‘शॅबी’साठी तो स्वतःच्याच सदऱ्याची कॉलर उलटून दाखवी. मुलं हसत, आणि हसता हसता शब्द त्यांच्या अंगात मुरे.

घर दोघांचं होतं, त्याचं आणि ताईचं. आईवडिलांच्या माघारी ताईनेच त्याला वाढवलं. खालच्या मजल्यावर शिंपीणकाकूंचं दुकान होतं. तिथले सदरे आणि झगे वर येत, ताई त्यांना काजं करी, बटणं लावी, कडा हाताने दुमडून शिवी, आणि ते पुन्हा खाली जात. या सुईदोऱ्यावर त्याचं शिक्षण झालं होतं. आता शिकवणी बरी चालली होती, तरी ताईने हातातली सुई ठेवली नव्हती. ‘रिकामी बसले तर गंज चढेल मला,’ असं ती म्हणे.

‘लँग्विड’ हा शब्द त्या संध्याकाळी आला तो इतर दहा शब्दांच्या रांगेतून, अगदी निमूटपणे.

“सर, हा म्हणजे लेझीच ना?” एकाने विचारलं.

“नाही. आळशी माणूस काम टाळतो. हा टाळत नाही.”

“मग मंद. आमच्या घरमालकासारखा.”

“मंद म्हटलं की आपण डोक्याकडे बोट दाखवतो. हे शरीराचं आहे. सगळं सावकाश, सैल, जरा दमल्यासारखं, पण त्यातही एक डौल.”

“नियम तुमचाच आहे, सर,” कट्ट्यावरून एक मुलगी म्हणाली. प्रत्येक अर्थावर उलटतपासणी घेते म्हणून सगळे तिला वकीलीण म्हणत. “दाखवा.”

त्याने खोलीभर नजर फिरवली. कपात तो शब्द नव्हता, कडीत नव्हता. पडदा होता, पण वारा नव्हता. आणि नेमकं तेव्हाच आतलं दार उघडून ताई चहाचा ट्रे घेऊन आली. उंबऱ्यात ती क्षणभर थांबली. मग एकेक पाऊल टाकत टेबलापाशी आली, ट्रे ठेवला, ठेवल्यावरही हात तसाच त्याच्या कडेवर राहू दिला, जणू हाताला परत बोलवायचं तिला नंतर सुचणार होतं. “साखर... कमी वाटली तर... सांगा,” ती म्हणाली, आणि वळून, दाराच्या चौकटीवरून बोटं घसरवत आत गेली.

“पाहिलंत?” तो कुजबुजला. “पाण्यावर सोडलेलं पान जातं ना, तसं. आणि आवाज ऐकलात? थंडीत मध घट्ट होतो आणि चमच्यावरून उतरायला वेळ घेतो, तसा. उंबऱ्यात थांबणं पाहिलंत? घाई असलेल्या माणसाला असं थांबता येत नाही.”

खोली हास्याने भरली. “लँग्विड म्हणजे ताई!” कुणीतरी म्हणालं. वकीलीणदेखील हसली. त्या संध्याकाळी तो फार सुखात झोपला. इतके दिवस डोळ्यांसमोर असलेल्या माणसाकडे आपण नीट पाहिलं आणि जे पाहिलं ते नेमकं सांगता आलं, याचं सुख.

पुढे शब्दाला पाय फुटले. मुलं यायची ती बातमी घेऊनच: “सर, आज ताई दार उघडायला आल्या, काय लँग्विड आल्या म्हणून सांगू! आम्ही जिन्यात एक गाणं म्हणून संपवलं.” नवीन कुणी शिकवणीला आलं की जुनी मुलं आग्रह धरत, याला लँग्विड दाखवा. आणि तो दाखवी. शब्द फळ्यावर लिही, मग आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारी, “ताई, जरा पाणी आण गं.” ताई येई. उंबऱ्यात थांबे, पुढे होई, तांब्या ठेवी. मुलं ओठ दाबून एकमेकांकडे पाहत. ती आत गेली की तो तिच्याविषयी काहीतरी नवं सांगे, कारण एकच उपमा दोनदा वापरणं त्याला कमीपणाचं वाटे. ती आता उन्हातही शाल घेते, जणू तिच्यापुरता एक वेगळा ऋतू चालू आहे. तिची सुई काजाच्या तोंडाशी हवेत थांबते आणि विचार करून खाली उतरते. बोलता बोलता शब्द विसरली, तर तो परत येईपर्यंत ती वाट पाहते, पाहुण्याची पाहावी तशी.

असं सगळं त्याने पाहिलं होतं. एक गोष्ट मात्र त्याने कधीच आठवून पाहिली नाही, ती म्हणजे ताई पूर्वी कशी होती.

“सर,” एकदा बाकीची मुलं जिना उतरल्यावर वकीलीण मागे रेंगाळली. “ताईंना बरं नाहीये का? चेहरा सुजल्यासारखा वाटतो.”

“झोप झाली नसेल.”

“झोप तर फारच होते म्हणत होत्या. दुपारीसुद्धा—”

“तुला जिथे तिथे खटला दिसतो,” तो हसून म्हणाला. जिन्यातल्या मुलांनी ते ऐकलं आणि खालून टाळ्या आल्या. मुलगी ओशाळली. चप्पल घालताना तिने एकदा आत पाहिलं आणि जिना उतरली.

शिंपीणकाकू मात्र ओशाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका सकाळी त्या दोन सदरे हातावर टाकून, गुडघ्यांना शिव्या देत वर आल्या. ताई खिडकीशी बसली होती, मांडीवर झगा, हातात सुई, डोळे मिटलेले.

“ही काजं बघ, मास्तर,” काकूंनी सदरा त्याच्या नाकासमोर धरला. “दात पडलेल्या तोंडासारखी दिसतायत. हिच्या हातची म्हणून मी गिऱ्हाइकाला पैजेवर दाखवायचे, आणि आता मलाच उसवून पुन्हा करायला लागतात.”

“बोटांना मुंग्या येतात, काकू,” ताई डोळे उघडून म्हणाली. “सुई धरलेली... कळत नाही.”

“मग हे कुणाला सांगायचं? मला की डॉक्टरला? काय रे मास्तर, तू नेणार आहेस की मी ओढत नेऊ?”

“चाळिशी उलटली की होतं थोडंफार, काकू,” तो म्हणाला.

“माझी साठी उलटून गेली. पाय मशीनवर बघ कसे पळतात माझे. अरे, ही बाई वावटळ होती! वरून खाली सदरे आणायला यायची ती दोन दोन पायऱ्या सोडून, मी ओरडायचे, पडशील म्हणून. विसरलास?”

तो विसरला नव्हता. आठवण आतून वर आली, दाराशी उभी राहिली, आणि त्याने तिला आत घेतलं नाही, इतकंच. घेतलं असतं तर शब्द खोटा पडला असता.

ताई हसली. हसूसुद्धा चेहऱ्यावर पसरायला वेळ घेत होतं. “काकू, उगाच नका काळजी करू. माझ्यासाठी एक शब्द आहे इंग्रजीत. हा शिकवतो मुलांना. काय रे तो... लँग्विड. सावकाशीचा आहे. चांगला शब्द आहे. हो ना रे, धाकट्या?”

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. काकू उत्तराची वाट पाहत होत्या, ताईला ते माहीतच असावं असं दिसत होतं.

“हो,” तो म्हणाला. “चांगला आहे.”

“इंग्रजीत चांगला असेल,” काकूंनी सदरे काखेत मारले. “मराठीत बाई सुजली आहे.”

त्यानंतर त्याने ठरवलं की रविवारी न्यायचं. रविवारी पाऊस होता, ताई म्हणाली थंडी वाजते, पुढच्या रविवारी जाऊ. त्याने ते आनंदाने मानलं, कारण डॉक्टरांपुढे बसून काय सांगायचं याची त्याला मनातून धास्ती होती.

पुढचा रविवार यायच्या आतच एका सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही. तो आत गेला. ताई दोन पांघरुणांखाली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर, हात बर्फासारखा.

“ताई?”

“हं,” उत्तर आलं, पण ते खोल विहिरीत पोहरा टाकावा आणि तो तळाला लागल्याचा आवाज उशिराने वर यावा, तसं आलं. आणि त्याच क्षणी, भीतीच्याही आधी, त्याच्या मनात हीच उपमा आली. पोहरा, विहीर, उशीर. ती किती चपखल आहे हेही त्याला जाणवलं. पुढे कित्येक दिवस त्याला स्वतःच्याच जिभेची किळस वाटत राहिली ती या एका क्षणामुळे. मग भीती आली, आणि तो अनवाणी जिना उतरून शिंपीणकाकूंच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागला.

इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी ताईला पाहिलं. पापण्या वर करून पाहिल्या, घोट्यावर छोटा हातोडा मारला आणि पाय उडून पुन्हा जागेवर यायला किती वेळ घेतो ते पाहिलं, गळ्यावरून बोटं फिरवली. मग त्याला बाहेर बोलावून बाकावर स्वतः त्याच्याशेजारी बसल्या.

“गळ्यात एक ग्रंथी असते. शरीराचं सगळं यंत्र किती वेगाने चालायचं ते ती ठरवते. यांची ती जवळजवळ बंद पडलीये. हृदयाभोवती पाणी आहे, रक्तात मीठ कमी झालंय. पुढचे दोन दिवस जड आहेत. मी खोटा धीर देणार नाही. आता मला सांगा, हे कधीपासून आहे? जे आठवेल ते.”

तो सांगू लागला. आवाज जाड होत गेला, थंडीत मध... तो थांबला. आवाज जाड झाला, उन्हाळ्याच्या आधीपासून. चालणं मंदावलं. उन्हातही थंडी वाजे. दुपारी झोप. बोटांना मुंग्या, सुई हातातून सुटायची. बोलताना शब्द आठवत नसे. चेहरा फुगत गेला, आधी डोळ्यांखाली, मग गाल. उपमा एकेक करून गळत होत्या आणि त्यांच्याखालून आजार उघडा पडत होता, पापुद्रे सोलावेत तसा.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. “नातेवाईक इतकं बारीक सांगत नाहीत हो सहसा. ‘अशक्त आहे’ म्हणतात आणि गप्प बसतात. तुम्ही नीट पाहिलंय.”

“हो,” तो म्हणाला.

“मग आणलं का नाही?”

प्रश्नात राग नव्हता. राग असता तर त्याला मान खाली घालून तो सोसता आला असता. त्या खरोखरच विचारत होत्या.

ते दोन दिवस त्याने वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. शिंपीणकाकू डबा आणून देत आणि काही न बोलता निघून जात, हे तर त्यांच्या स्वभावाला सोडून होतं आणि म्हणूनच फार बोचे. त्यांनी एकदा तरी ‘मी सांगितलं नव्हतं का’ म्हणावं याची तो वाट पाहत राहिला. नळ्यांतून औषध ताईच्या अंगात थेंबाथेंबाने उतरत होतं. ती वाचली नाही तर, असा विचार आला की पुढचं सगळं पांढरं होई. आणि वाचली तर, असा आला की तिच्या नजरेला नजर कशी द्यायची हे कळेना.

ती वाचली. तिसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं, आणि ते त्याने आणून दिलं. तांब्या तिच्या ओठांशी धरताना त्याने तो इतक्या घाईने कलता केला की अर्धं पाणी उशीवर गेलं.

“काय रे हे... धांदरटा,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या त्या एकट्या नव्हत्या. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता, त्याच्या मुलांच्याच वयाचा, तसाच एकमेकांना कोपराने ढोसणारा. खाटेपाशी येऊन त्या थांबल्या.

“ताई, ही मुलं शिकायला आलीयेत. असा रुग्ण पुस्तकात असतो, समोर कमी येतो. तुमचा चेहरा, हात, आवाज त्यांना दाखवला तर चालेल? नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. काही बिघडत नाही.”

ताईने घोळक्याकडे पाहिलं. “बघू दे की. पण त्या मागच्याला पुढे घ्या. उंची कमी आहे बिचाऱ्याची.”

मुलं हसली. मग हसू थांबलं आणि ती पाहू लागली. डॉक्टरीणबाई एकेक गोष्ट साध्या शब्दांत दाखवत होत्या: इथे सूज, ही भुवई बाहेरून विरळ, आता यांना बोलू द्या आणि आवाज ऐका. तो भिंतीला टेकून ऐकत होता. हाच तर त्याचा नियम होता. दाखवायचा असतो. तशीच मुलं, तशीच नजर. फरक एवढाच, की इथे कुणीतरी आधी तिला विचारलं होतं.

घोळका गेल्यावर तो स्टुलावर बसला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती.

“तुझ्या शिकवणीसारखंच होतं,” ताई म्हणाली. आवाज अजून जाड होता, पण शब्दांमधली अंतरं कमी झाली होती.

त्याने मान वर केली नाही. “तुला माहीत होतं?”

“भिंत आहे की पडदा ती आपली? सगळं ऐकू यायचं. पान काय, मध काय.” घोळका गेला त्या दाराकडे तिने पाहिलं. “पोरं हसायची.”

“मग तू बोलली का नाहीस? मला ओरडायचं होतंस.”

“ओरडू कशाला? लहानपणी चार माणसांत तुझ्या तोंडून नाव निघायचं नाही. शाळेत बाईंनी उभं केलं की घरी येऊन ताप यायचा तुला. म्हटलं, बोलतोय तर बोलू दे. माझ्यावरून का होईना.”

“ताई...”

“पाण्याची हाक आली की कळायचं, आता तो शब्द आलाय. धाप लागायची रे मला तेवढ्यात. ती पोरांना दिसू नये, तुझा विरस होऊ नये, म्हणून दाराशी थांबून श्वास घ्यायचे आणि मग यायचे.”

उंबऱ्यातल्या त्या थांबण्यावर आपण किती वेळा, किती तऱ्हांनी बोललो, हे तो मोजूही शकला नसता. चूक झाली, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण त्या दोन शब्दांत मावेल इतकी ती लहान नव्हती, आणि ताई तर क्षमा मागून घ्यावी अशा कुठल्याही जागी उभीच नव्हती. तिने रागावायचं नाकारलं होतं. त्यामुळे त्याचं सगळं देणं त्याच्यापाशीच राहिलं.

“असा सुतकी चेहरा करून बसू नकोस,” ती म्हणाली. “डोक्याला खाज सुटलीये. त्या पिशवीत फणी आहे. विंचर जरा. माझे हात वर जात नाहीत अजून.”

त्याने फणी घेतली आणि तिच्या मागे उभा राहिला. लहानपणी तीच त्याचे केस विंचरायची, इतक्या झपाट्याने की डोळ्यांतून पाणी यायचं. तिचे केस त्याने मात्र कधी हातात धरले नव्हते. ते कोरडे, राठ लागले. पहिल्याच फटक्यात फणीबरोबर एक झुपका निघून आला. त्याने तो पटकन मुठीत लपवला. पुन्हा फणी घातली, पुन्हा तसंच. मूठ भरत चालली. टाळू जागोजाग दिसत होती. कसंही बोलता आलं असतं: उशीचा गुंता आहे, इस्पितळाच्या पाण्याने होतं. आणखीही काही सुंदर सुचलं असतं. उपमा घडवणारा तो कारागीर त्याच्या आत अजून जिवंत होता आणि तोंड उघडायची वाट पाहत होता.

“थांबलास का?” ताईने विचारलं. “गळतायत का रे?”

फणी तिच्या केसांत तशीच राहिली.

“हो, ताई. गळतायत.”

“खूप?”

“खूप. मागच्या बाजूला टाळू दिसतेय.”

न वळताच तिने उजवा हात कमरेपाशी मागे केला आणि तळवा उघडला.

“बघू.”

त्याने मूठ उघडली आणि केस तिच्या हातावर ठेवले.